रस्त्याची गुलबक्षी

बस नेहमीच्या वळणावर वळली नाही, एवढंच झालं. पुलाच्या तोंडाशी रस्ता खोदून ठेवला होता, लाल-पांढऱ्या पट्ट्या आडव्या बांधल्या होत्या, आणि कंडक्टर दांड्याला पाठ टेकवून म्हणाला, "आठवडाभर आता रेल्वेफाटकावरूनच. पुलाला उतरणाऱ्यांनी मागे चालत यायचं. चालणं तब्येतीला बरं असतं." दोघंचौघं हसले, एका म्हाताऱ्याने हळू आवाजात त्याच्या खानदानाचा उद्धार केला. ती खिडकीशी बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत रिकामा डबा, डब्याखाली चार दिवस घडी न उलगडलेला एक फॉर्म. सकाळची पाळी संपवून परतताना ती बसमधून काहीच पाहत नसे. डोळे उघडे असत, इतकंच. फाटकाचा रस्ता तिने सहा वर्षांत घेतला नव्हता. मुद्दाम टाळलास, असं कोणी म्हटलं असतं तर ती खरोखरच गोंधळली असती. पुलावरची बस लवकर पोचते, म्हणून पुलावरची बस. फाटक बंद होतं. बस थांबली, इंजिनाची घरघर बाकातून पाठीच्या कण्यात चढली, आणि रस्त्याच्या कडेला, सांडपाण्याच्या चरापलीकडे, तिला गुलबक्षी दिसली.

गुलबक्षी काय, कुठेही दिसते. लोकांच्या कुंपणातून निसटते, उकिरड्यावर उगवते, पडक्या भिंतीत रुजते; कधी काळी ती कुणी हौसेने बागेत लावली होती हे तिच्याकडे पाहून खरं वाटत नाही. पण ही पिवळी होती, पिवळ्यावर गुलाबी शिंतोडे होते, कुणी भरलेला कुंचला झटकावा तसे, आणि एका फुलाची तर एक बाजू पूर्ण पिवळी, दुसरी पूर्ण गुलाबी, मधोमध सुरी फिरवल्यासारखी रेघ. असं फूल तिने एकाच ठिकाणी पाहिलं होतं. आईच्या मागच्या दारी, पत्र्याच्या तीन डब्यांत. ती खिडकीतून जरा वाकली. एखाददुसरं झुडूप नव्हतं. चराच्या कडेने, विजेच्या खांबाला वळसा घालून, थेट फाटकाच्या चौकीच्या भिंतीपर्यंत ती पसरली होती. साडेचार झाले असावेत, कारण काही फुलं उघडली होती आणि काही अजून मिटल्या छत्रीसारखी होती. तिला वाटलं ती भीती नव्हे. प्रयोगशाळेत काचेची नळी हातातून निसटते आणि जमिनीवर पडायच्या आधी जो क्षण असतो, ज्यात अजून काहीही फुटलेलं नसतं, तसं काहीसं. मग फाटक उघडलं आणि बस पुढे गेली.

फॉर्म ताईने दिला होता, रविवारी, जेवणानंतर. ताईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं, भावजी बदलीच्या गावी होते, आणि आईला कुठे ठेवायचं हा प्रश्न ताईने नेहमीप्रमाणे एकटीनेच सोडवून मग सगळ्यांसमोर मांडला होता. "तुला मी विचारणार नाहीये," ती म्हणाली होती, "तुझ्या पाळ्या, तुझी एक खोली. विचारलं आणि तू नाही म्हणालीस तर उगीच तोंडं कडू." विचारलं नाही याचं धाकटीला बरं वाटलं होतं, आणि बरं वाटलेलं ताईला दिसलं होतं. ताईने पाहिलेलं वृद्ध निवास चांगलं होतं. त्याला दोन बाजू होत्या. तळमजल्यावरच्या मोकळ्या बाजूला प्रत्येक खोलीत छोटी शेगडी आणि दारापुढे हातभर माती. वरच्या बंद बाजूला शेगडी नाही, सुरी नाही, दार बाहेरून उघडणारं. कोणी कुठे राहायचं हे फॉर्मवरच्या एका रकान्यावर ठरत असे. गेल्या सात वर्षांत विसराळूपणामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका झाला आहे काय? असल्यास घटना लिहा. खाली घरच्या दोघांच्या सह्या. ताईने आपल्या वळणदार अक्षरात लिहून टाकलं होतं: 'होय. स्वयंपाकात मिरीऐवजी विषारी बिया घातल्या. जावई तीन दिवस रुग्णालयात.' खाली सही, सहीखाली तारीख. "तू तिथे होतीस, म्हणजे तू साक्षीदार. शनिवारपर्यंत सही करून आण," ताई म्हणाली, आणि मग जरा मऊ होऊन, "वाईट मलाही वाटतं गं. पण लपवून ठेवलं आणि उद्या तिने तिथे कुणाला काही खाऊ घातलं, तर?" आई तेव्हा कोचाच्या टोकाला बसून दोघींकडे पाहत होती, परक्या घरी पाहुणीने बसावं तशी. "आई, चालेल ना तुला?" ताईने मोठ्याने विचारलं. आईला ऐकू उत्तम येत होतं. "तुम्ही ठरवाल ते," आई म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "मी जरा पाणी पिऊ का?"

गुलबक्षी दिसली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेत आपल्या खुर्चीवर बसली. तिचं काम रक्त काढण्याचं नव्हतं, तपासण्याचंही नव्हतं. आलेली नळी घ्यायची, नळीवरचं नाव आणि कागदावरचं नाव जुळतं का पाहायचं, नंबराची पट्टी चिकटवायची, आत सोडायची. लाल टोपण, जांभळं टोपण, निळं टोपण. एकवीस वर्षं. या कामाला हुशारी लागत नाही असं लोकांना वाटे, आणि ते बरोबरच होतं. लागत असे तो एक नियम पाळण्याचा हट्ट. नाव नसलेली नळी नाकारायची. ती कोणाची हे सगळ्या जगाला माहीत असलं तरी. अंदाज करायचा नाही, कुणाच्या शब्दावर जायचं नाही. रक्त काढणारा सहकारी, ज्याला सगळे डास म्हणत आणि जो स्वतःही फोन उचलून "डास बोलतोय" म्हणे, दहाच्या सुमाराला ट्रे ठेवून गेला, आणि त्यात एक नळी कोरी निघाली. तिने त्याला हाक मारली. "ही कोणाची रे?"

"सात नंबरच्या आजींची. शंभर टक्के."

"नाव नाहीये."

"अगं, बाकी सगळ्यांची जुळली ना? मग उरली ती त्यांचीच. साधा हिशेब आहे."

"पुन्हा काढ."

"त्यांची शीर सापडायला मला अर्धा तास लागला. आता पुन्हा गेलो तर त्या मला टोचतील." तिने कोरी नळी त्याच्यापुढे धरली तेव्हा त्याने ट्रे उचलला. "माया म्हणून नाही तुझ्यात," तो म्हणाला, पण हसत, आणि सात नंबरकडे गेला. तिने कोरी नळी पिवळ्या डब्यात टाकली. डब्याचं झाकण पायाने उघडायचं होतं, ते तिने जरा जास्त वेळ उघडं धरलं. बाकी सगळ्यांची जुळली, मग उरली ती त्यांचीच. त्या दिवशी स्वयंपाकघरातसुद्धा असंच झालं होतं. भावजी पाहुणे. ताई पाहुणी. धाकटी कामावरून आलेली, दमलेली. उरली आई.

आईच्या स्वयंपाकघरात एकाही डब्यावर नाव नव्हतं. स्वतःच्या स्वयंपाकघरात नावं चिकटवलेल्या बरण्यांची मांडणी असलेल्या ताईला याचा राग येई. "डब्यांना नावं कशाला?" आई म्हणे, "मी काय त्यांना हाक मारणारे?" आई जागेवरून ओळखे. डावीकडून चौथी म्हणजे मिरी. अंधारात, डोळे मिटून, कुणाशी बोलताना मागे न पाहता हात मागे जाई आणि हवं तेच घेऊन येई. धाकटीला ते आवडे. दिवसभर नावं वाचून, नावं चिकटवून ती घरी येई तेव्हा नावं नसलेल्या त्या फळ्यांकडे पाहून तिचे डोळे निवत. घरी तिने स्वतःही कशावर काही लिहिलं नाही. ही तिची सुटी होती म्हणायला हरकत नाही.

आणि मागच्या दारी गुलबक्षी. आईचा एक नेम होता, कुणी सांगितलेला नव्हे, स्वतःच कधीतरी धरलेला: दुपारनंतरचा चहा गुलबक्षी फुलल्यावर घ्यायचा. घड्याळ पाहायचं नाही. ढगाळ दिवशी ती लवकर फुले, त्या दिवशी चहा चारलाच; उन्हाच्या कडाक्यात पार साडेपाच, तोवर आई डोकं दुखलं तरी मागच्या पायरीवर बसून राही. वडील होते तेव्हा आतून ओरडत, "अगं, त्या फुलांना सांग, इथे एक माणूस चहावाचून चाललाय." आई म्हणे, "तुमचा नेम नाहीये, तुम्ही घ्या ना करून." वडील करून घेत नसत, आईबरोबरच घेत. असल्या नेमाने कुणाचं काय भलं होतं हे धाकटीने कधी विचारलं नाही. एवढंच तिला दिसे की रोज एक वेळ अशी येई की आई एका गोष्टीकडे पूर्ण लक्ष देऊन पाहत असे, आणि मग उठत असे तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा असे. वडील गेले त्या संध्याकाळीही ती पायरीवर जाऊन आली होती. लोकांनी त्याचा वेगळा अर्थ लावला.

भावजी आजारी पडले त्या वर्षी आईला वाकवेनासं झालं होतं. काळ्या, सुरकुतलेल्या बिया डब्यांभोवती गळून पडत, त्या धाकटी वेचून आणी. अर्ध्या पिवळ्या अर्ध्या गुलाबी झाडाच्या बिया वेगळ्या, कारण त्या आईला शेजारणीला द्यायच्या होत्या. वर्तमानपत्रावर वाळवल्या. मिरीची बरणी तेव्हा नुकतीच संपून, धुऊन, पालथी घातलेली होती. तिने बिया त्या बरणीत भरल्या आणि बरणी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, तात्पुरती. ताई आणि भावजी जेवायला यायचे म्हणून तिने कट्टा पुसला, आणि पुसताना बरणी उचलून फळीवर ठेवली. डावीकडून चौथी जागा मोकळी होती. हात आपोआप गेला. हे सगळं तिला नंतर इतक्या वेळा आठवलं की त्यातली हालचाल आता दुसऱ्याच कुणाच्या हाताची वाटे. मनगट, फडका, बरणी, फळी. आईने फळीकडे पाहिलं असेल, रिकामी झालेली बरणी भरलेली दिसली असेल, आणि धाकटी मिरी आणते म्हणाली होती ते आठवलं असेल. आणते असं ती म्हणालीच होती. आणायची राहिली होती. आईने दाणे खलबत्त्यात घातले. त्या वेळी धाकटी आतल्या खोलीत आरशापुढे केसांना पिना लावत होती. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, अगदी स्पष्ट, "अगं, ही मिरी कसली? वासच नाही हिला. आणि आतून पांढरंफेक पीठ निघतंय." दातात पीन धरूनच तिने उत्तर दिलं होतं. "जुनी असेल." दोन शब्द. मागे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. नाव नसलेली नळी, आणि तिने अंदाज केला होता.

पुढचं तसं पाहिलं तर हसण्यासारखं होतं. भावजींना तिखट आवडे. सूप वाढल्यावर त्यांनी खलबत्ताच टेबलावर मागवून घेतला आणि "मिरीला जोर नाही, सासूबाई" म्हणत दोनदा वरून घालून घेतली. बाकीच्यांच्या पोटात नुसती कळ आली. भावजी, एवढा धिप्पाड माणूस, रात्रीच्या आत मोरीच्या दारात उकिडवे बसले ते उठेचनात. रुग्णालयात डॉक्टरांनी खाल्लेल्या पदार्थांची यादी मागितली म्हणून ताई घरी परत आली, तिने एकेक बरणी उघडून पाहिली, आणि चौथ्या बरणीशी थांबली. "ह्या बिया आहेत. गुलबक्षीच्या बिया! आई, तू भरल्यास ह्या?" आईने बरणी हातात घेतली. खूप वेळ पाहिलं. धाकटी दाराशी उभी होती, भावजींचे कपडे भरलेली पिशवी खांद्याला. आई काय म्हणेल ते तिला माहीत नव्हतं आणि स्वतः काय म्हणावं तेही. आईने बरणी खाली ठेवली आणि म्हणाली, "भरल्या असतील."

सांगायचं राहून गेलं. आधी भावजी बरे होऊ देत, म्हणून. मग ताईने आईला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं; त्याचा निकाल लागू दे, म्हणून. डॉक्टरांनी आईला तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. आई त्र्याण्णववर थांबली आणि म्हणाली, "ज्या बाईला मिरी आणि बी कळत नाही तिला तुम्ही कशाला विचारता?" डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मग आई ताईकडे गेली, जुनं घर भाड्याने गेलं, भाडेकरूंनी मागच्या दारी फरशी बसवली. ताईकडे स्वयंपाकघराच्या कपाटाला कुलूप, चहा चारच्या ठोक्याला आयता हातात. आई तो घेत असे. पहिल्यापहिल्यांदा खिडकीकडे बघून, नंतर तसाच. एकदा तिने धाकटीला विचारलं होतं, असंच, काहीतरी निवडत असल्यासारखा हात मांडीवर फिरवत, "त्या दिवशी मी काही बोलले होते का गं? म्हणजे, कुटताना?" ती म्हणाली होती, "आठवत नाही आई." हे आठवलं की तिला लाज वाटत नसे. लाज कधीच झिजून गेली होती. तिथे आता फक्त एक गुळगुळीत जागा होती, आणि तीवरून रोज पुलावरची बस जात असे.

शुक्रवारी ती फाटकाला उतरली. उतरायचं ठरवलं नव्हतं. फाटक बंद होतं, दार उघडं होतं. बस गेल्यावर रस्ता एकदम मोठा वाटला. सहा वर्षांपूर्वी ती इथेच, रुग्णालयातून परतताना, फाटक बंद म्हणून थांबलेल्या टॅक्सीत बसली होती. "मी टाकून येते" म्हणून तिने बरणी घरातून उचलली होती आणि दिवसभर पिशवीत वागवली होती. काच खाली करून बरणी पालथी केली तेव्हा बिया चरापलीकडे गेल्या की चरात पडल्या ते तिने पाहिलं नाही. ड्रायव्हर म्हणाला होता, "मिरी टाकता ताई? महाग आहे हो." आता ती चर ओलांडून गेली. झुडपं तिच्या कमरेला लागत होती. जे आपण संपवून आलो ते सहा वर्षं कुणाला न विचारता वाढत होतं, रोज ठरल्या वेळेला उघडत होतं, आणि पाहायला कुणी नव्हतं. पुढे खांबाजवळ डोक्याला फडकं बांधलेली रस्ते खात्यातली एक बाई विळ्याने गवत कापत होती. गवत कापत कापत ती गुलबक्षीपर्यंत आली आणि तीही तितक्याच सहज कापत पुढे निघाली.

"ही पण काढता?"

"काढतो म्हणजे काय, वरून कापतो," बाई म्हणाली. "खाली रताळ्याएवढा कंद असतो. पंधरा दिवसांत पुन्हा हजर. चार वर्षं कापतेय मी, ही माझ्यापेक्षा चिवट."

"कुणी लावली असेल?"

"लावतंय कोण इथे? रस्त्याची आहे." बाईने विळा पुसला आणि तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "पाहिजे का तुम्हाला? घ्या की. विचारायला लागत नाही."

तिने फुलं घेतली नाहीत. ती घरी पोचेपर्यंत माना टाकतात. पानांच्या बेचक्यातल्या बिया खुडल्या. ठेवायला काही नव्हतं, मग खिशात हात गेला तर एक रिकामी नळी लागली, निळ्या टोपणाची, मुदत संपलेली म्हणून बाजूला काढलेली. बिया त्यात गेल्या. घरी येऊन तिने नळीवर पट्टी चिकटवली, पेन घेतलं, आणि हात आपोआप आधी तारखेकडे गेला. तारीख. वेळ. गुलबक्षीच्या बिया. खाऊ नयेत. लिहून झाल्यावर ते तिला इतकं साधं वाटलं की ती नळी हातात घेऊन काही वेळ नुसती बसून राहिली. मग फॉर्म उलगडला. ताईचं अक्षर. 'विषारी बिया घातल्या.' कोणी, ते वाक्यात कुठे नव्हतंच. वरती मोठ्या अक्षरात आईचं नाव होतं, आणि बाकी सगळं त्याच्याखाली आपोआप बसत होतं.

शनिवारी ती ताईकडे पोचली तेव्हा ताई कोचावर पाय लांब करून गुडघ्यांना शेकत होती आणि आई समोरच्या ताठ पाठीच्या खुर्चीत. "आणलास?" ताई म्हणाली. "पेन तिथे टीव्हीपाशी आहे. आणि बस जरा, घाई काय आहे."

तिने फॉर्म टेबलावर ठेवला. फॉर्मवर नळी ठेवली. "बरणी मी भरली होती," ती म्हणाली.

"कुठली बरणी?"

"मिरीची. बिया मी वेचल्या, मी भरल्या, मी फळीवर ठेवली. आईचा हात लागला नव्हता."

ताईने शेकायची पिशवी गुडघ्यावरून काढली. आधी तिला ते कळलंच नाही, मग कळलं, आणि कळत गेलं तसतसा तिचा चेहरा गोरामोरा होत गेला. "म्हणजे आता सांगतेयस?" ती म्हणाली. "आत्ता? सहा वर्षं मी तिच्या हातातून सुरी काढून घेतेय. सहा वर्षं! कपाटाला कुलूप घालून किल्ली कमरेला लावून फिरतेय मी, माझ्या आईपासून. जेलर म्हणून हसायचे हे मला. आणि तू यायचीस, जेवायचीस, जायचीस."

"हो."

"हो काय, हो! तोंड आहे का तुला?"

येताना बसमध्ये धाकटीने फक्त वाक्यांचा क्रम लावला होता. बरणी, बिया, फळी. त्यानंतरची जागा तिने कोरी ठेवली होती. तिच्या ध्यानात आलं की आपण ताईकडेच पाहतोय, खुर्चीकडे पाहत नाही आहोत. मग खुर्चीतून हात पुढे आला. "ते दे इकडे," आई म्हणाली.

आईने नळी डोळ्यांजवळ धरून पट्टी वाचली, ओठ हलवत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. टोपण काढलं. एक बी तळहातावर घेतली, खुर्चीच्या दांड्यावर ठेवली आणि चष्म्याच्या घराने दाबून फोडली. आतलं पांढरं पीठ बोटाला लावून नाकाशी नेलं. खोलीत घड्याळाचा आवाज होता आणि ताईच्या नाकाने ओढलेल्या श्वासाचा.

"मी विचारलं होतं," आई म्हणाली. आणि लगेच, जमिनीवर पाय आहे की नाही चाचपावं तसं, "विचारलं होतं ना मी? वास नाही म्हणून?"

"विचारलं होतंस. वास नाही म्हणालीस, आणि आतून पांढरं पीठ निघतंय म्हणालीस."

"पांढरंफेक म्हणाले असेन."

"पांढरंफेक म्हणालीस."

"आणि तू काय म्हणालीस?"

"जुनी असेल म्हणाले."

आईने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग येताना धाकटीने पाहिला. सहा वर्षांत पहिल्यांदा. तो सावकाश आला, दिवसभर मिटलेलं काहीतरी उघडावं तसा, आणि त्याच्याबरोबर चेहऱ्याची जुनी ठेवण परत आली, हनुवटी, भुवया, मधली ती आठी. "मला वाटायचं, ते मी नंतर मनानेच रचलं," आई म्हणाली. "पडल्यापडल्या वाटायचं, मी विचारलं होतं, विचारलंच होतं. मग म्हणायची, गप बस बाई, तुझं डोकं ठिकाणावर नाही. मी तुला एकदा विचारलंही होतं. तू म्हणालीस आठवत नाही."

"हो."

"आठवत होतं."

"हो, आई."

आपण रडू असं धाकटीला वाटलं होतं. तसं काही होत नव्हतं. आईनेही तिच्या डोक्यावर हात बित ठेवला नाही. ती ताईकडे वळली. "तो कागद काय म्हणतो? वाच." ताईने वाचला, आवाज घोगरा. "खोड ते," आई म्हणाली, "आणि धोका झालाय का म्हणून विचारलंय तिथे 'नाही' लिही. नीट लिही, गिचमिड नको." ताईने ओळ खोडली आणि 'नाही' लिहिलं, इतकं दाबून की खालच्या वर्तमानपत्रावरही उमटलं. मग आईने पेन धाकटीपुढे सरकवलं. तिने सही केली. एकवीस वर्षं रोज शेकडो कागदांवर केली होती तशीच.

"किती वाजले?" आईने विचारलं. घड्याळ तिच्या समोर होतं, पण ती घड्याळाकडे पाहत नव्हती.

"पाचला दहा कमी आहेत," ताई म्हणाली. "चारचा चहा मी आज... थांब, देते."

"कुठे आहेत ती?" आईने धाकटीला विचारलं. "ही झाडं."

"फाटकाशी. रस्त्याच्या कडेला. खूप आहेत."

"अर्धी-अर्धी आहेत त्यात?"

"आहेत."

"मग फुलली असतील आता," आई म्हणाली आणि खुर्चीचे दांडे धरून उठली. "मी चहा करते." तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. ताईचं तोंड सवयीने उघडलं आणि मिटलं. तिने कमरेची किल्ली सोडून आईच्या हातात दिली. आई हळूहळू स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि तिथे थांबली. मागे वळली नाही. "दोनच कप करते," ती म्हणाली. "माझा आणि तुझ्या ताईचा."

कुलूप उघडल्याचा आवाज आला. मग एका डब्याचं झाकण, मग काहीच नाही, एक श्वास घेण्याइतका वेळ, आणि झाकण पुन्हा लागलं. मग पुढचा डबा. ताई कोचावर डोळ्यांना पदराचं टोक लावून बसली होती, रडत होती की ऐकत होती ते कळत नव्हतं. ताईकडे सगळ्या डब्यांवर नावं होती, आणि चहाचा डबा पहिल्याच फळीवर, उजवीकडून पहिला, हे तिघींनाही माहीत होतं. आईने खालच्या फळीपासून सुरुवात केली होती.